फोल्डर पुसू नकोस

“ताई, माझं सगळं गेलं.”

रात्रीचे सव्वादहा वाजले होते. चार दिवस पाऊस लागून राहिला होता आणि अशा दिवसांत सांगलीत घरोघर एकच चौकशी असते: आयर्विन पुलाला पाणी किती? ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, हे आकडे इथल्या पोराटोरांनाही पाठ असतात. त्यामुळे फोनवर तो रडवेला आवाज ऐकला तेव्हा मला पुराचंच काहीतरी वाटलं. तिचं घर आमच्याहून सखल भागात, नदीच्या अंगाला आहे. पण ती बोलत होती गिटबद्दल, म्हणजे फाइलींत कुणी कधी काय बदललं याचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीबद्दल.

पोरगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळांना वापरता येईल अशा एका छोट्या ओपन सोर्स प्रोग्रॅमचं मराठी भाषांतर करायला मीच तिला बसवलं होतं. तीन रात्री जागून तिनं दोनशेच्या वर वाक्यं मराठीत आणली. पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझं काम मूळ प्रकल्पात घ्या ही विनंती, पाठवायची वेळ आली आणि तिथं घोळ झाला.

मी पहिला प्रश्न विचारला, “फोल्डर पुसलास का?”

“पुसणारच होते. म्हटलं नवीन क्लोन करावा आणि परत पहिल्यापासून बसावं.”

“पुसू नकोस. कशालाच हात लावू नकोस. मी येते.”

गिटमध्ये अडकलेल्या माणसाचा हात आधी तिकडेच जातो. फोल्डर उडवायचा, नवा क्लोन, म्हणजे सर्व्हरवरून प्रकल्पाची ताजी प्रत, घ्यायचा आणि केलेलं काम आठवून पुन्हा करायचं. मी अशी कितीतरी माणसं पाहिली आहेत आणि दर वेळी जीव तुटतो, कारण काम वाचवायची सोय त्याच फोल्डरच्या पोटात असते. ब्रांच, म्हणजे कामाची एक शाखा, कुठून कुठं सरकली, याची एक रोजनिशी गिट स्वतःपाशी ठेवत असतं. तिला रिफ्लॉग म्हणतात. कमिट केली म्हणजे बदल नोंदवले, रीबेस केला म्हणजे ते ताज्या पायावर पुन्हा लावले, रीसेट केलं म्हणजे एखाद्या जुन्या नोंदीवर गेलात, दुसऱ्या ब्रांचवर गेलात, प्रत्येक हालचालीची एक ओळ तिथं पडते. ही रोजनिशी पुश करताना, म्हणजे काम वर पाठवताना, सर्व्हरवर जात नाही आणि क्लोनबरोबर खाली येत नाही. ती फक्त तुमच्या मशीनवर, त्या एका फोल्डरमधल्या लपवलेल्या डॉट गिटमध्ये असते. फोल्डर पुसला की सापडण्याचा मार्ग पुसला.

तिच्या घरी पोचले तेव्हा तिच्या आईनं चहा टाकला होता. ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. मी टर्मिनल उघडून ‘गिट रिफ्लॉग’ एवढंच लिहिलं आणि यादी तिच्याकडं वळवली. खालून वर वाचत गेलं की त्या रात्रीची सगळी कहाणी त्यात होती.

झालं होतं असं. तिनं फोर्क, म्हणजे मूळ प्रकल्पाची स्वतःच्या खात्यातली प्रत, घेतला तो महिन्यापूर्वी. तेवढ्यात मूळ प्रकल्प पुढं सरकला. मेंटेनरनं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यानं, सांगितलं, ताज्या मेनवर, मुख्य ब्रांचवर, रीबेस करून पाठव. तिनं अपस्ट्रीम, म्हणजे मूळ प्रकल्पाचं ताजं काम, आणलं, रीबेस सुरू केला आणि कॉन्फ्लिक्ट आला: त्याच ओळी दोन्हीकडं वेगवेगळ्या बदललेल्या. फाइलमध्ये ‘पेक्षा लहान’च्या सात खुणा, मध्ये बरोबरच्या सात, खाली ‘पेक्षा मोठा’च्या सात, असं पानभर झालं. एडिटरनं विचारलं, कुठली बाजू ठेवू, ‘अवर्स’ की ‘थेअर्स’? तिनं अर्थातच ‘अवर्स’ घेतली. आपलं ते आपलं.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण ही चूक तिची नाही. मर्ज करताना, म्हणजे दोन ब्रांच एकत्र करताना, ‘अवर्स’ म्हणजे खरंच आपली ब्रांच. रीबेसमध्ये मात्र ते उलटं होतं. गिट तुमच्या कमिट्स बाजूला काढून ठेवतं, मूळ प्रकल्पाची ताजी अवस्था मांडतं आणि मग तुमची एकेक कमिट उचलून तिच्यावर लावतं. त्या क्षणी गिट उभं असतं मूळ प्रकल्पाच्या जागी. म्हणून तिथं ‘अवर्स’ म्हणजे त्यांचं, आणि बाहेरून येऊन लागणारं तुमचं काम म्हणजे ‘थेअर्स’. शब्द तोच, बाजू बदललेली. तिनं प्रत्येक ठिकाणी ‘अवर्स’ दाबत नेलं आणि शेवटी तिच्या कमिट्समध्ये काही उरलंच नाही. लावण्यासारखा बदल नाही म्हटल्यावर गिटनं त्या वगळून टाकल्या. रीबेस यशस्वी झाल्याचा निरोप आला आणि फाइलमध्ये एकही मराठी वाक्य नव्हतं.

मग घाबरून तिनं आठवेल तसं पुन्हा टाइप करायला घेतलं, पंधरा-वीस वाक्यं केली, ‘गिट ॲड’ केली. तेवढ्यात कुठंतरी वाचलं की हार्ड रीसेट केलं की सगळं पूर्ववत होतं. ते केलं. ती पंधरा-वीसही गेली. त्यानंतर मला फोन.

रिफ्लॉगमध्ये ‘रीबेस सुरू’ या ओळीच्या लगेच खाली, म्हणजे त्याच्या आधी, तिची शेवटची कमिट होती. गिटमध्ये प्रत्येक कमिटला ४० अक्षरांचा एक क्रमांक असतो, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिळून. पहिली सात अक्षरं दिली तरी बहुतेक वेळा काम भागतं. मी तिला म्हटलं, या क्रमांकावर नवी ब्रांच काढ. नाव काय देऊ, म्हणाली. दे की तुला पाहिजे ते. तिनं ‘वाचलेलं’ असं मराठीत नाव दिलं. गिटला ते चालतं. एंटर मारला. फाइल उघडली. दोनशेच्या दोनशे वाक्यं जागच्या जागी होती.

ती काही बोलली नाही. आईनं विचारलं, “मिळालं का गं?” तेव्हा मान हलवली.

नंतरची पंधरा-वीस वाक्यं कमिट झाली नव्हती, म्हणून रिफ्लॉगमध्ये दिसेनात. पण ‘ॲड’ केलं की फाइलचा मजकूर गिटच्या साठ्यात जाऊन पडतो, मग कमिट करा अथवा न करा. ‘गिट एफएससीके’ला ‘लॉस्ट फाउंड’चा पर्याय दिला की कुणाचा धागा न उरलेले असे तुकडे तो एका फोल्डरमध्ये काढून देतो. त्यांना फाइलचं नाव नसतं, नुसते क्रमांक असतात. एकेक उघडून बघावं लागतं. तिसऱ्या तुकड्यात ती वाक्यं सापडली. जे ना कमिट केलं ना ॲड केलं, ते मात्र हार्ड रीसेटनंतर गिट परत देऊ शकत नाही. एडिटरनं स्वतःचा इतिहास ठेवला असेल तर नशीब. आणि रिफ्लॉगही कायमचा नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये ब्रांचच्या इतिहासातल्या नोंदी ९० दिवस राहतात, सुटून पडलेल्या कमिट्सच्या ३० दिवस.

माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो त्यांना, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. गिट मला पहिल्यांदा समजलं ते त्यांच्या वह्यांमुळं. दुकानात एक कच्ची वही असायची. सौदा झाला, पोती मोजली, वजन लागलं की तिच्यात पेन्सिलीनं टिपण. तिथं खोडा, बाण काढा, क्रम बदला, कुणी विचारत नाही. संध्याकाळी त्यावरून शाईनं कीर्द लिहायची आणि कीर्दीवरून खतावणी. शेतकऱ्याला हमाली, तोलाई, अडत वजा करून पट्टी दिली जायची. आण्णांचा एक नियम होता. पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली की कीर्दीत खाडाखोड नाही. चूक निघाली तर त्या तारखेला जायचं नाही, आजच्या तारखेला उलट नोंद घालायची. चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही.

पुढं मी नोकरीला लागल्यावर कुणी मला रीबेस आणि रिव्हर्ट यांतला फरक समजावत होतं. तेव्हा मला आण्णांची पट्टी आठवली आणि पुढचं ऐकायची गरज उरली नाही. पुश करायच्या आधीच्या कमिट्स कच्च्या वहीतल्या. त्या जोडा, तोडा, पुढंमागं करा, निरोप सुधारा. त्यासाठीच इंटरॅक्टिव्ह रीबेस आहे. एकदा ती ब्रांच दुसऱ्या कुणी घेतली, तिच्यावर काम चालू केलं, की पट्टी गेली. आता रिव्हर्ट, म्हणजे उलट नोंद.

हा नियम मी एकदा मोडला आहे.

आमच्या भाषांतराच्या गटात साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक होते. विज्ञानाच्या संज्ञा त्यांच्याइतक्या सहज मराठीत आणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते विंडोजवर काम करायचे. विंडोजमध्ये ओळ संपल्याची खूण दोन वर्णांची असते, लिनक्समध्ये एका वर्णाची. ही खूण डोळ्यांना दिसत नाही, गिटला दिसते. त्यामुळे त्यांनी तीन शब्द बदलले तरी डिफमध्ये, म्हणजे बदल दाखवणाऱ्या यादीत, अख्खी फाइल लाल होऊन पुन्हा अख्खी हिरवी यायची. नेमकं काय बदललं ते शोधायला मला तास लागायचा. एका रात्री वैतागून मी सगळ्या ओळींची शेवटं सारखी केली, सामायिक ब्रांचचा इतिहास ‘स्वच्छ’ केला आणि फोर्स पुश मारला, म्हणजे सर्व्हरवरची प्रत बाजूला सारून आपली लादली. माझ्याकडची प्रत आठवड्याची जुनी होती. त्यांच्या आठवड्याभराच्या कमिट्स सर्व्हरवरच्या ब्रांचमधून नाहीशा झाल्या.

काम गेलं नाही. त्यांच्या मशीनवर सगळं होतं. फोनवर बोलत बोलत अर्ध्या तासात आम्ही ते परत वर चढवलं. मी माफी मागितली, ते म्हणाले, असू द्या, होतं असं. पण पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून काही आलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मी दोनदा लिहिलं, त्यांनी सौजन्यानं उत्तर दिलं, प्रकृतीचं कारण सांगितलं. ते परत आले नाहीत. त्यांच्या कमिट्स आजही लॉगमध्ये, म्हणजे कमिट्सच्या यादीत, आहेत आणि मी त्या बघते तेव्हा मला ती रात्र आठवते.

खरं तर दोन ओळींचं काम होतं. रेपोमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्यात, डॉट गिटॲट्रिब्यूट्स ही फाइल ठेवायची, तिच्यात मजकुराच्या फाइलींच्या ओळींची शेवटं साठवताना एकसारखी कर असं सांगायचं आणि एकदा ‘ॲड’ला ‘रीनॉर्मलाइझ’ लावून ती एक वेगळी कमिट करायची. कुणी कुठल्या मशीनवर बसतं याची चिंता मिटते. आणि फोर्स पुश करायचाच असेल, म्हणजे स्वतःच्या फोर्कवर रीबेसनंतर तो करावाच लागतो, तर साधा फोर्स न वापरता ‘फोर्स विथ लीज’ वापरायचा. आपण शेवटचं पाहिलं त्यानंतर सर्व्हरवर दुसऱ्या कुणाचं काही येऊन पडलं असेल तर तो पुश नाकारतो. त्यालाही एक फट आहे. काही एडिटर आपल्या नकळत मागच्या मागं फेच करत, म्हणजे सर्व्हरवरचं नवं काम खाली आणत, राहतात, मग गिटला वाटतं की आपण ते नवं काम पाहिलंच आहे. म्हणून मी आता सामायिक ब्रांचवर फोर्सच वापरत नाही.

गिटचा जन्म २००५ चा. लिनक्सच्या गाभ्याचं, कर्नलचं, काम तोवर बिटकीपर नावाच्या प्रणालीवर चालायचं. तिची फुकट वापरायची मुभा काढून घेतली गेली आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्‌सनी एप्रिलमध्ये स्वतःच नवी प्रणाली लिहायला घेतली. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये नोंदला गेला. जुलैत त्यांनी ती जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडं दिली. त्याच जुलैच्या अखेरीस आमच्याकडं कृष्णा पात्र सोडून आत आली होती. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं आहेत, अरुंद तोंडाची आणि रुंद पोटाची, ज्यांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. त्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. मला तेव्हा गिट हा शब्दही माहीत नव्हता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. आण्णांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या काही जुन्या वह्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर पानं एकमेकांना चिकटलेली आणि शाई फुटून निळा चिखल झालेला. ते गच्चीवर एकेक पान सुट्टं करून वाळवत बसले होते. माझा जुना लॅपटॉपही त्याच पाण्यात गेला, पण माझ्या भाषांतराची एकही ओळ गेली नाही, कारण गिटमध्ये प्रत्येकाच्या क्लोनमध्ये सगळा इतिहास असतो आणि आमचे गडी पुणे, नागपूर, बंगळूर असे पसरलेले होते. आण्णांच्या वहीची मात्र एकच प्रत होती.

परत त्या रात्रीकडं येते. काम मिळालं तरी कॉन्फ्लिक्ट तसाच होता.

भाषांतराच्या फाइलींत, म्हणजे पीओ फाइलींत, कॉन्फ्लिक्ट पुष्कळ होतात आणि त्यातले बरेचसे भाषांतराचे नसतातच. वरच्या मथळ्यात तारखा असतात, शेवटच्या भाषांतरकाराचं नाव असतं, प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर ते कोडमध्ये कितव्या ओळीवर आहे याची टीप असते. कोड हलला की त्या टिपा बदलतात. ते हातानं सोडवत बसू नये. मूळ प्रकल्पाची फाइल जशीच्या तशी घ्यायची आणि गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनसंचातल्या ‘एमएसजीमर्ज’ला आपली फाइल जुन्या भाषांतरांचा साठा म्हणून द्यायची. जिथं भाषांतर नाही तिथं तो आपलं भरतो. नंतर ‘एमएसजीएफएमटी’ची तपासणी चालवायची, म्हणजे टक्क्याच्या खुणा वगैरे सुटल्या असतील तर कळतं.

त्यातूनही काही ओळी राहिल्या. त्यातलीच एक. दोन्हीकडं तेच वाक्य दिसत होतं: ‘दुसऱ्या पानावर जा’. ती म्हणाली, “ताई, हे तर सेम आहे. गिट येडं झालंय.”

गिटचं बरोबर होतं. मराठीतला हा अर्धा र, ‘दुसऱ्या’तला, ‘वाऱ्या’तला, युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली की तो येतो. दुसरी, साध्या र ला हलन्त देऊन पुढं एक न दिसणारा जोडवर्ण टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आत बाइट्स निराळे. गिट बाइट्स बघतं, त्याला डोळे नाहीत. आणि तो जोडवर्ण एखाद्या संपादनात गळाला तर ‘दुसर्या’ होतं, म्हणजे अर्ध्या र चा रफार होऊन डोक्यावर बसतो. आचाऱ्याला बोलवायचं तर आचार्याला निमंत्रण जातं. मराठी माणसाला हा फरक लहानपणापासून कानानं कळतो. ज्या मेंटेनरला मराठी येत नाही त्याला तो कसा कळणार? त्याला फक्त दिसतं की या मुलीनं अशा चाळीस ओळी विनाकारण बदलल्या.

तिनं ती ओळ हेक्समध्ये, म्हणजे नुसत्या बाइट्सच्या आकड्यांत, उघडून बघितली. दोन्हीकडचे बाइट्स बोट ठेवून वाचले. रात्री बारा वाजता एका अक्षरात तिचा जीव इतका गुंतला की मघाचं रडणं ती विसरून गेली.

बाकीच्या गोष्टी पटापट उरकल्या. मराठी नावाच्या फाइली गिटच्या यादीत उलटी तिरकी रेघ आणि ३४०, २४४ अशा आकड्यांत दिसत होत्या. तिला वाटलं होतं फाइल बिघडली. ‘क्वोटपाथ’ बंद केलं की नाव देवनागरीत दिसतं. एक कमिट कॉलेजच्या लॅबमध्ये केलेली होती, तिच्यावर लॅबच्या मशीनचं नाव पडलं होतं. ते तिच्या नावावर केलं. साइन्ड ऑफ बायची ओळ राहिली होती, ती घातली. ही ओळ म्हणजे हे काम माझं आहे आणि ते द्यायचा मला हक्क आहे, अशी सही. लिनक्सनं ती २००४ मध्ये सुरू केली. आणि तिनं सगळं स्वतःच्या मेन ब्रांचवर केलं होतं, जे नवखी माणसं हमखास करतात. ‘वाचलेलं’ ब्रांचवर काम सुरक्षित होतं, म्हणून मेन निवांतपणे अपस्ट्रीमच्या मेनवर नेऊन ठेवता आली.

एक वाजायला आला होता. पाऊस थांबला होता. पुश करायच्या आधी ती म्हणाली, “उद्या करू का? परत काही झालं तर?”

“झालं तर काय करशील?”

“रिफ्लॉग बघीन.”

“मग कर की.”

केला.

चार दिवसांनी मेंटेनरचं उत्तर आलं. काम छान आहे, पण एका कमिटमध्ये दोन कामं मिसळली आहेत, वेगळी करून पाठवशील का? ते वाचून माझ्याच पोटात गोळा आला. झालेली कमिट तोडून दोन करणं हे तिच्यासाठी नवं होतं, आणि मला साताऱ्याचे सर आठवले. फोन करावा असं दोनदा वाटलं. केला नाही. तिचाही आला नाही.

रविवारी सकाळी आण्णांना चहा देऊन मी लॉग उघडला. रात्री २ वाजून १० मिनिटांनी तिनं पुन्हा पुश केलं होतं. दोन कमिट्स होत्या. दुसरीत भाषांतर. पहिलीत फक्त ४० ओळी, आणि निरोपात, मराठी न येणाऱ्यालाही समजावं म्हणून साध्या इंग्रजीत, आचारी आणि आचार्य यांतला फरक.